पाइपलाइनचे चिकटविलेले सांधे : त्यांवरील ताण व घ्यावयाची काळजी

विहिरीपासून शेतापर्यंत पीव्हीसी पाइपलाइन टाकणाऱ्या शेतकऱ्यांस एक अनुभव वारंवार येतो. पाइप शाबूत राहतो, पण सांधा उघडतो आणि पिकाची पाण्याची पाळी चुकते. मग ‘सोल्युशन कच्चे निघाले’ असे म्हटले जाते. वस्तुतः सांध्यावरील ताण कोठे व कसा पडतो हे समजून घेतल्यास हे नुकसान बहुतांशी टाळता येते.

प्रथम एक साधा हिशेब पाहू. पाइपचा बाहेरील व्यास ११० मिलिमीटर व पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरास ४ किलो धरल्यास पाइपच्या बंद टोकावर सुमारे ३८० किलो जोर येतो. पाइप सॉकेटमध्ये ६ सेंटिमीटर बसला असेल, तर चिकटलेले क्षेत्र सुमारे २०७ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास २ किलोंहूनही कमी जोर आला. नीट जोडलेल्या सांध्यास हा भार जड नाही. मग सांधा सुटतो का?

याचे पहिले कारण असे की, हा जोर सर्वत्र सारखा वाटला जात नाही. सॉकेटच्या तोंडाशी सर्व ओढ पाइपवर असते, सॉकेटवर जवळजवळ नसते. आतील टोकाशी याच्या उलट स्थिती असते. त्यामुळे दोन्ही टोकांशी पाइप व सॉकेट कमीअधिक ताणले जातात आणि त्यांमधील थरावर तेथेच सर्वाधिक ताण येतो. जर्मनीतील फोल्करसेन यांनी १९३८ मध्ये रिव्हेटच्या सांध्यांसाठी मांडलेले हे गणित पुढे चिकटविलेल्या सांध्यांनाही लागू करण्यात आले.

दुसरे कारण वाकण्याचे आहे. एकमेकींवर चिकटविलेल्या पट्ट्या ओढल्या असता सांधा वाकतो व टोकाशी सोलला जाऊ लागतो, हे गोलांड व रायसनर यांनी १९४४ मध्ये गणिताने दाखविले. सायकलच्या ट्यूबवरील ठिगळ सरळ ओढून निघत नाही. कड उचलून सोलले की मात्र सहज निघते. पाइपखाली खळगा राहिला अथवा पाइप बळेच वाकवून जोडला, तर सांध्याच्या तोंडाशी असाच ताण पडतो.

यावरून पुढील काळजी घ्यावी :

१. पाइप काटकोनात कापून कडेचा कीस काढावा. दोन्ही पृष्ठभाग कोरडे व स्वच्छ पुसावेत.

२. सोल्युशन दोन्ही बाजूंस सर्वत्र सारखे लावावे. ते थिनर घालून पातळ करू नये. बाहेर आलेले सोल्युशन पुसून टाकावे.

३. पाइप सॉकेटच्या तळापर्यंत बसवून सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावा. २४ तासांपर्यंत लाइनमध्ये दाबाने पाणी सोडू नये.

४. चराचा तळ सपाट व दगडविरहित करावा. एल्बो व व्हॉल्व्ह यांस काँक्रीटचा आधार द्यावा.

५. व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा व बंद करावा. एकाएकी बंद केल्यास पाण्याचा जोराचा धक्का सांध्यांवर बसतो.

ग्रामसेवकांनी चर बुजविण्यापूर्वी पाइपखालचा आधार शेतकऱ्यांसमवेत पाहावा. सोल्युशन कितीही चांगले असले, तरी खळग्यावर लोंबकळणारा सांधा फार काळ टिकत नाही.