पाटीवरचे नाव

एखादे शहर परक्या मुलखातून आलेल्यांचा सन्मान करते, म्हणजे नेमके काय करते? लंडनमधल्या ब्रिक्स्टनचा विंडरश चौक पाहा. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ बोटीतून कॅरिबियन बेटांवरचे शेकडो लोक टिलबरी बंदरात उतरले. त्यांत जमैकाचे सर्वाधिक. बिऱ्हाड नसलेल्या दोनशेहून अधिक जणांना क्लॅपहॅमच्या भुयारी निवाऱ्यात ठेवले. जवळचे रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनला, म्हणून वस्ती तिथे रुजली. त्यांनी आणि मागून आलेल्यांनी शहराच्या बसगाड्या चालवल्या, इस्पितळे सांभाळली. १९९८ मध्ये, पन्नास वर्षांनी, तिथल्या मोकळ्या जागेला बोटीचे नाव मिळाले.

२०१० मध्ये चौक नव्याने सजला. त्याच वर्षी देशाच्या गृहखात्याने मात्र जुन्या प्रवाशांच्या आगमनाच्या नोंदचिठ्ठ्या नष्ट केल्या. २०१२ पासून नियम कडक झाले. नोकरी, घर, औषधोपचार, सगळ्यासाठी कागद मागितले गेले. जन्म तिथे काढलेल्यांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर धाडले. २०१८ मध्ये सरकारला माफी मागावी लागली.

मी कवी माणूस, नावाची किंमत जाणतो. पण पाटी हा सन्मानाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा कचेरीच्या कपाटात असतो. तोही जपावा लागतो.