दाभोळीची धांवपट्टी : एका हवाई हल्ल्याच्या पुराव्याचा विचार

महजर वाचतांना गोहीनें डोळ्यांनीं काय पाहिलें व कानांनीं काय ऐकलें हें निराळें करावें लागतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. माळेगांव बुद्रुकसारख्या नीरा खोऱ्यांतील गांवाचे कागद तपासतांना जी कसोटी लावावयाची, तीच अलीकडच्या लष्करी प्रकरणांसहि लाविली पाहिजे. त्याचें एक उदाहरण आमच्याच पुणें जिल्ह्यांतील लोहगांवच्या विमानतळाशीं निगडित आहे.

हा तळ १९३९ सालीं मुंबईच्या हवाई संरक्षणासाठीं घातला गेला. दुसऱ्या महायुद्धांत तेथें वेलिंग्टन, मॉस्किटो वगैरे ब्रिटिश विमानें असत. १९४७ सालीं तो भारतीय हवाई दलाच्या ताब्यांत आला. १९५७ पासून कॅनबेरा हीं दोन जेट यंत्रांचीं बाँबफेकी विमानें दलांत दाखल झालीं. त्यांच्या ३५ व्या स्क्वाड्रनकडे गोवा-मुक्तीच्या मोहिमेंत पहिल्या हल्ल्याचें काम आलें.

मोहिमेच्या हवाई अंगाचें आधिपत्य एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांजकडे होतें, व पुणें आणि बेळगांवजवळील सांबरें येथून विमानें निघावयाचीं होतीं. दाभोळीची धांवपट्टी निकामी करावी, पण तेथील इमारतींस धक्का लावूं नये, अशी आज्ञा होती. १८ डिसेंबर १९६१, सोमवार, शके १८८३ मार्गशीर्ष शुक्लपक्ष, या दिवशीं विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखालीं बारा कॅनबेरांनीं कांहीं मिनिटांत ६३,००० पौंड बाँब टाकले. म्हणजे सरासरी दर विमानामागें ५,२५० पौंड. मागाहून विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या आठ कॅनबेरांनीं त्याच ठिकाणीं दुसरा हल्ला केला. दोन्ही वेळां इमारती शाबूत राहिल्या.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. धांवपट्टी पूर्णपणें नष्ट झाली, असें पुष्कळ वृत्तांत म्हणतात. परंतु त्याच रात्रीं दाभोळीच्या आवारांत उभीं असलेलीं दोन पोर्तुगीज प्रवासी विमानें, एक सुपर कॉन्स्टेलेशन व एक डीसी-४, अधिकाऱ्यांचीं कुटुंबें घेऊन कराचीस निघून गेलीं. मग ‘पूर्णपणें नष्ट’ हे शब्द कसे टिकावे ?

आमच्या मतें दोन्ही साक्षी एकमेकींस खोट्या पाडीत नाहींत. बाँबनें पट्टीवर खड्डे पडतात. सबंध पट्टी नाहींशी होत नाहीं. खड्ड्यांमधील अखंड तुकडा शोधून, कांहीं भाग घाईनें भरून काढतां येतो. पोर्तुगीजांनीं तेंच केलें. सुपर कॉन्स्टेलेशनमधील जादा बैठका व सामान काढून ओझें हलकें केलें गेलें, व तें सुमारें ७०० मीटर धांवेंतच उडालें. उडतांना पट्टीवरील दगडधोंडे लागून त्याच्या अंगास पंचवीस भोंकें पडलीं व एक टायर निकामी झाला. ही भोंकें म्हणजे हल्ल्याच्या परिणामाचा विरुद्ध पक्षानेंच दिलेला दाखला होय. तेव्हां ‘नित्याच्या वाहतुकीस निरुपयोगी’ एवढें म्हणणें पुराव्यास धरून होईल. त्याहून अधिक म्हणणें अतिशयोक्ति ठरते. यांत वैमानिकांच्या कामगिरीस कांहींच उणेपणा येत नाहीं.

दुसरा मुद्दा. हीं विमानें अंधाराच्या आड निसटलीं, असेंहि लिहिलेलें आढळतें. पण पौर्णिमा तीन-चार दिवसांवर आली असतां रात्रीचा बराच भाग चांदण्याचा असणार. उड्डाणाची वेळ व चंद्रास्त ताडून पाहिल्याशिवाय अंधाराचें कारण मान्य करूं नये. तीं फार खालून गेलीं, हें कारण मात्र ग्राह्य दिसतें.

इमारती राखण्याच्या आज्ञेचें मर्म पुढील इतिहासावरून उमगतें. १९ डिसेंबरास पोर्तुगीज शरण आले, आणि १९६४ सालीं नौदलाचें ‘हंस’ हें ठाणें कोइमतुरहून याच दाभोळीस आलें. जें उद्यां आपलें व्हावयाचें, तें आज कां मोडावें ?

कॅनबेरा विमानें २००७ सालीं सेवेंतून निवृत्त झालीं. त्यांवर काम केलेल्या माणसांच्या उड्डाणवह्या व घरीं धाडलेलीं पत्रें हेंच यापुढें अस्सल साधन होय. मोडी रुमालांसाठीं गांवोगांव फिरणाऱ्या आमच्या संग्राहक बंधूंनीं माजी सैनिकांच्या पेट्यांकडेहि दृष्टि वळवावी. दफ्तरें वाळवीच्या तोंडीं गेल्यावर हळहळणें आम्हांस नवें नाहीं. या वेळीं तरी अगोदर जागें व्हावें.