सोलरची बॅटरी बदलायची आहे? आधी हिशेब मांडा



आमच्या वाडीवर विजेची तार आलेली नाही. रात्रीचा स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, गोठ्यात जाताना विंचूकाटा दिसावा म्हणून लागणारा उजेड, सगळं सोलरवर. पाच वर्षांनी बॅटरी बसली. दिवे लावले की तासाभरात मंद व्हायचे. गटातून कर्ज काढलं आणि तालुक्याच्या बाजारातून स्वस्त म्हणून गाडीची बॅटरी आणली. दुकानदार म्हणाला, "ताई, बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्टच." आठ महिन्यांत तीही गेली. हप्ते मात्र वर्षभर फेडले.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करायला असते. क्षणभर जोराचा करंट द्यायचा आणि लगेच पुन्हा भरायचं, एवढंच तिचं काम. तिच्या आतल्या प्लेटा पातळ असतात. आपण तिला रोज रात्री हळूहळू रिकामी करतो, ते तिला सोसत नाही. घरच्या दिव्यांना जाड प्लेटांची, सोलरसाठी बनवलेली ट्यूब्युलर बॅटरी लागते.

पण थांबा. नवी आणण्याआधी जुनी खरंच मेली आहे का ते बघा. पॅनलवर धूळ आहे का? तारा ढिल्या आहेत का? टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे का? पाणी प्लेटांच्या खाली गेलं आहे का? पाणी कमी असेल तर बॅटरीचं म्हणून मिळतं तेच डिस्टिल्ड पाणी घाला, विहिरीचं किंवा बोअरचं नको. हात लावण्याआधी धातूच्या बांगड्या काढा, मंगळसूत्र पदराआड खोचा. दोन टर्मिनलना धातू एकदम टेकला तर ठिणगी उडून भाजतं. बॅटरीजवळ चूल, विडी, काडी काही नको, कारण भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

एवढं करून दिवसभर उन्हात भरू द्या. मग मेकॅनिककडून हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिड तपासायची काचेची पिचकारी, सहाही खणांत लावून घ्या. पाच खण सारखे आणि एकाचाच आकडा फार खाली असेल, तर तो खण गेला. मग बॅटरी बदलावीच लागते.

आता किती मोठी घ्यायची? आमच्या घराचा हिशेब सांगते. पाच वॅटचे चार दिवे पाच तास, म्हणजे १०० वॅट-तास. मोबाईलला २०. पंधरा वॅटचा छोटा पंखा चार तास, ६०. एका रात्रीचे झाले १८०. ढगाळ दिवस धरून दोन रात्रींचे ३६०. शिशाची बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून दुप्पट धरा, ७२०. त्याला बाराने भागा: ६०. म्हणजे ६० एएचची बॅटरी पुरे.

"दीडशेची घ्या, जास्त टिकेल," असं कुणी म्हणेल. त्याला विचारा, भरणार कोण? आमच्या शेजारणीकडे ४० वॅटचं पॅनल आहे. चांगल्या उन्हात दिवसाला १६० ते २०० वॅट-तास मिळतात. दीडशेची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. पूर्ण रिकामी असली तर भरायला नऊ ते अकरा दिवस, तेही एकही दिवा न लावता! अर्धवट भरलेली बॅटरी तशीच राहिली की प्लेटांवर खडे धरतात आणि ती लवकर मरते. आमच्या ६० एएचला ७५ वॅटचं पॅनल बरं पडतं.

लिथियमचं बऱ्याच जणी विचारतात. लिथियम फॉस्फेटची बॅटरी हलकी असते, पाणी घालावं लागत नाही, ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते. तेवढ्याच कामाला ४० एएच पुरते. महाग असली तरी जास्त वर्षं चालते. मात्र आपल्या चार्ज कंट्रोलरमध्ये लिथियमची सोय आहे का ते आधी बघा. नसेल तर कंट्रोलरचाही खर्च धरा. ज्यांच्या घरी बॅटरी उचलायला कुणी नाही, पाण्याकडे लक्ष द्यायला वेळ नाही, त्यांनी परवडत असेल तर हीच घ्यावी, असं माझं मत.

दुकानात दोन गोष्टी विचाराच. बॅटरी कधी बनली? महिनोन्‌महिने न भरता पडून राहिलेली शिशाची बॅटरी नवी असूनही म्हातारी असते. आणि वॉरंटी कार्डावर शिक्का, तारीख आहे का? पक्कं बिल घ्या. दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतील तर एक जुनी, एक नवी असं करू नका. जुनी नवीलाही ओढते.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला अंगणात फोडू देऊ नका. आतलं शिसं मातीत मिसळतं, आणि त्या मातीत आपलीच लेकरं खेळतात. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि तिचे पैसे बिलातून वजा करतो. भाव आधी ठरवा, मगच बॅटरी गाडीत चढवा.