डिझेल इंजिनाला गिअर किती?

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. ‘दादा, रेल्वेच्या डिझेल इंजिनाला गिअर किती असतात?’ उत्तर सोपं आहे, बदलायचा गिअर एकही नाही. मोटर आणि चाकांचा आस यांच्यामध्ये दात्यांची एक ठरलेली जोडी असते, बस. ट्रकसारखं पहिला-दुसरा टाकणं नाही. काहून? तेच आज बोलू.

उदाहरण घेऊ डब्ल्यूडीएम-२ चं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिक्स्ड, म्हणजे प्रवासी गाडीही ओढेल आणि मालगाडीही. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं हे इंजिन १९६२ मध्ये भारतात आलं आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागलं. ताकद २६०० हॉर्सपॉवर. त्याचंच पुढचं रूप डब्ल्यूडीएम-३ए, ३१०० हॉर्सपॉवरचं. त्या लांब नाकाखाली १६ सिलिंडर आहेत आणि एकेक सिलिंडर जवळपास ११ लिटरचा. म्हणजे एका सिलिंडरमध्ये साडेतीनशेच्या एकतीस बुलेट बसल्या असं समजा!

आता अडचण बघा. डिझेल इंजिन थांबलेलं असताना जोर देऊ शकत नाही, ते आधी फिरत असावं लागतं. आणि मालगाडी तर जागेवरून हलवायलाच सगळ्यात जास्त जोर लागतो. कारमध्ये आपण क्लच घसरवत घसरवत वेळ मारून नेतो. हजारो टन वजनामागे तो क्लच पहिल्याच स्टेशनात जळून जाईल.

इलेक्ट्रिक मोटरचं उलट असतं. डीसी सिरीज मोटर उभ्या जागेवरच सगळ्यात जास्त जोर देते. म्हणून डिझेलने जनरेटर फिरवायचा, जनरेटरने वीज बनवायची आणि ती वीज केबलने खाली सहा आसांवरच्या सहा मोटरना द्यायची. चाकं फिरवते ती वीज. डिझेल इंजिन म्हणजे खरं तर पाठीवर स्वतःचं कोराडी घेऊन पळणारं इलेक्ट्रिक इंजिन आहे.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला यातला सगळ्यात भारी भाग कंट्रोलचा वाटतो. लोको पायलटच्या हातात आठ नॉच असतात. नॉच म्हणजे ‘इतका वेग दे’ असा हुकूम नाही, ‘डिझेल इंजिन इतक्या आरपीएमवर ठेव’ असा हुकूम. आयडलला ४००, आठव्या नॉचला १०००. तेवढे फेरे टिकवायला इंधन किती सोडायचं ते गव्हर्नर ठरवतो. चढ लागला, मोटर जास्त करंट मागायला लागल्या, की इंजिन दबू नये म्हणून जनरेटरवरचा भार आवरला जातो. एकावर एक बसलेले दोन फीडबॅक लूप आहेत हे, आणि मूळ रचनेत सॉफ्टवेअरची एक ओळसुद्धा नव्हती. तेलाचा दाब, स्प्रिंगा, रिले यांच्यावर काम चालायचं.

नॉच वाढवल्यावर निघणारा तो काळा धूरही इथलाच. टर्बोचार्जर एक्झॉस्टवर फिरतो, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. इंधन लगेच आलं, हवा मागे राहिली, म्हणून काजळी. व्हिडिओत छान दिसतं ते, पण प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला विचारा.

मग ही इंजिनं मेन लाइनवरून गेली का? आपल्या अजनी शेडचं डब्ल्यूएजी-९ बघा. वजन १२३ टन, ताकद सहा हजार हॉर्सपॉवर. डब्ल्यूडीएम-२ चं वजन साधारण ११३ टन आणि ताकद निम्म्याहून कमी. वजनात फार फरक नाही, पण अजनीवाल्याने आपलं कोराडी कोराडीतच ठेवलंय. शिवाय उतारावर ब्रेक लावताना डब्ल्यूएजी-९ च्या मोटर वीज बनवून वरच्या तारेत परत पाठवतात. डिझेलवालंही डायनॅमिक ब्रेकमध्ये वीज बनवतं, पण ती रेझिस्टन्सच्या ग्रिडमध्ये तापवून हवेत सोडून देतं. परत देणार कुणाला?

माझे मामा दोन्ही चालवून रिटायर झाले. रेलफॅन लोक अल्कोच्या आवाजाचं कौतुक करतात तेव्हा ते हसतात. कॅब एकाच टोकाला. लांब नाक पुढे असलं की पलीकडच्या बाजूचं धड दिसत नाही, सिग्नल सहकाऱ्याला विचारत जायचं. आणि मे महिन्यातलं नागपूर, भिंतीमागे तापलेलं यंत्र. त्यांना डिझेलची आठवण येते, पण परत चालवायला मात्र नको म्हणतात.

तरी मला एक गोष्ट खटकते. अर्धं इलेक्ट्रिकच असलेलं यंत्र भंगारात का काढायचं? हा प्रयोग झालाय. वाराणसीत डिसेंबर २०१७ मध्ये सुरू करून ६९ दिवसांत डिझेलची मालगाडी-इंजिनं इलेक्ट्रिक केली, ताकद प्रत्येकी २६०० वरून पाच हजार. पण डिझेल, जनरेटर काढून ट्रान्सफॉर्मर बसवायचा म्हणजे सगळ्यात महागडं सामान नव्यानेच घ्यायचं. ती कल्पना फार पुढे गेली नाही, आणि इंजिनिअर म्हणून मला त्यात नवल वाटत नाही. मात्र आयुष्य शिल्लक असलेली चांगली इंजिनं घाईने विकण्यापेक्षा आपत्तीसाठी राखून ठेवावीत, असं माझं मत आहे. वादळात वरची तार तुटली की सहा हजार हॉर्सपॉवर जागेवर गप्प उभे राहतात. आणि ती तार जोडायला जी टॉवर वॅगन येते ना, ती डिझेलवरच चालते.

पुढच्या भागात पँटोग्राफ. प्रश्न पाठवत राहा!