रास्पबेरी पाय: भीती अँपिअरची, दुर्लक्ष व्होल्टेजकडे

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक २०१२ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजहून आला. शाळकरी मुलांनी तो उघडा हाताळावा, त्याला तारा जोडून बघाव्यात हाच त्यामागचा हेतू. आपल्याकडे डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये तो सर्रास दिसतो. पण त्याला वीज कशी द्यायची याबद्दल तोंडोतोंडी फिरणारे काही सल्ले चक्क उलटे आहेत.

‘३ अँपिअरचा चार्जर लावू नकोस, बोर्ड जळेल,’ हा त्यांतला पहिला. चार्जरवर छापलेले अँपिअर ही त्याची कमाल क्षमता असते. गच्चीवरची टाकी हजार लिटरची असली तरी खालच्या नळाला पाणी आपण तोटी उघडू तेवढेच येते. बोर्डही त्याला लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. जाळते ते चुकीचे व्होल्टेज: ५ व्होल्टच्या जागी राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर जोडला, तर मात्र खेळ संपतो. मोबाइलच्या फास्ट चार्जरचीही अनेकांना धास्ती असते. पण यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरीचा चार्जर समोरून मागणी आल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही, आणि पाय ४ तशी मागणी करतच नाही.

खरा त्रास होतो तो व्होल्टेज कमी पडल्याने, आणि त्यात केबलचा वाटा फार मोठा असतो. साधा हिशेब करून पाहा. स्वस्त केबलमधल्या बारीक तारांचा जाऊन-येऊन रोध ०.२ ओहम धरला आणि बोर्डाने २.५ अँपिअर ओढले, तर अर्धा व्होल्ट वाटेतच गळतो. चार्जरने ५ व्होल्ट दिले तरी बोर्डापाशी ४.५ उरतात. ४.६३ व्होल्टच्या आसपास घसरण झाली की पाय कमी व्होल्टेजचा इशारा देतो. पाय ४ चा अधिकृत अ‍ॅडॉप्टर ५.१ व्होल्टचा असतो, तो ही तूट भरून काढण्यासाठीच. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह दिसणे, यूएसबी डिस्क मधेच गायब होणे, बोर्ड अचानक रीस्टार्ट होणे ही सगळी या उपासमारीची लक्षणे आहेत. ती दिसली की मुले बोर्डाचे मेमरी कार्ड फॉरमॅट करतात, सिस्टीम नव्याने टाकतात, शेवटी बोर्ड खराब म्हणून बाजूला ठेवतात. त्याआधी आखूड, जाड तारांची केबल लावून बघायलाच हवी.

‘माझा लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा आहे, पाय ५ ला २७ वॅटच लागतात,’ हा तर्क बिनतोड वाटतो, पण फसवा आहे. पाय ५ ला ते वॅट ५ व्होल्टवरच, म्हणजे ५ अँपिअरने हवे असतात. लॅपटॉपचा चार्जर आपली ताकद २० व्होल्टवर दाखवतो. ५ व्होल्टवर तो बहुधा ३ अँपिअरच देतो. मग बोर्ड चालू होतो, पण यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो. पोर्टेबल हार्ड डिस्क तेवढ्यावर तग धरेल असे नाही.

आता पिना. ‘आर्डुइनोला चालते ते पायला चालते’ या समजुतीने पुष्कळ बोर्ड गेले आहेत. आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर बोलतो. पायच्या, सेन्सर वगैरे जोडायच्या जीपीआयओ पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि त्यांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरची एको पिन ५ व्होल्ट देते. मध्ये १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर घालून ते ३.३ वर आणावे लागतात. शिवाय ३.३ व्होल्टची पिन १ आणि ५ व्होल्टची पिन २ अगदी शेजारी आहेत. चालू बोर्डावर स्क्रूड्रायव्हरचे टोक दोन्हींना टेकले, तर एका क्षणात बोर्ड कायमचा जाऊ शकतो. जोडणी बदलायची ती वीज काढूनच.

‘शॉक बसला नाही, म्हणजे स्टॅटिक नव्हते,’ हेही खरे नाही. सुमारे ३ हजार व्होल्टच्या खालचा स्थिर विजेचा झटका आपल्याला जाणवत नाही, आणि काही चिपांना काहीशे व्होल्टही पुरतात. बोर्ड कडेने धरावा, त्याआधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा. अँटिस्टॅटिक पिशवी साठवणीसाठी असते. तिच्यावर बोर्ड ठेवून चालू करू नये, कारण अशा पिशव्यांतून थोडी वीज वाहू शकते.

एक गोष्ट मात्र अफवेसारखी वाटूनही खरी निघाली. २०१५ मध्ये, कॅमेऱ्याचा झेनॉन फ्लॅश मारला की पाय २ बंद पडतो, असे लक्षात आले. त्यातली वीज सांभाळणारी एक चिप जवळजवळ उघडी होती आणि प्रखर प्रकाशाने ती गोंधळत असे. बोर्डाला कायमची इजा मात्र होत नसे.

राहिला प्रश्न बंद करण्याचा. ‘मोबाइलसारखा प्लग काढला की झाले’ असे धरू नये. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली, तर फाइल सिस्टीम बिघडू शकते. मेनूतून शटडाउन करून हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच प्लग काढावा. जिथे भारनियमन रोजचे आहे, तिथे पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या साधनातली ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करता येते. मग मूळ कार्डावर काही लिहिलेच जात नाही. अर्थात रीस्टार्टनंतर नवी माहितीही उरत नाही, म्हणून सेन्सरच्या नोंदी वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर पाठवाव्या लागतात.