कुंपणावरची प्रत्येक वेल गुळवेल नसते

गेल्या पावसाळ्यात साठीचे एक गृहस्थ पिशवी घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, कुंपणावर गुळवेल सापडली. रोज सकाळी काढा घेतला तर चालेल ना?" वेलीचा तुकडा मी नखाने खरवडला, तर पांढरा चीक आला. गुळवेलीला असा दुधासारखा चीक नसतो. शिवाय या गृहस्थांना हृदयासाठी डिजॉक्सिनची गोळी चालू होती. मला धडकीच भरली.

ही होती विलायती वाकुंडी, म्हणजे रबर वेल. मूळची मादागास्करची. शोभेसाठी बागेत आणली आणि कुंपण ओलांडून माळावर, ओढ्याकाठी पसरली. (दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई पडली तेव्हा हैतीत हिची लागवडही झाली होती.) ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये हिने नदीकाठची झाडे झाकून टाकली आहेत.

हिच्याही खोडावर बारीक पांढरट ठिपके असतात, तिथेच गफलत होते. म्हणून पाने पाहावीत. गुळवेलीचे पान हृदयाच्या आकाराचे, लांब देठाचे, आणि एका पेरावर एकच. रबर वेलीची पाने समोरासमोर जोडीने येतात. जाड, चकचकीत, लांबट. फूल कर्ण्यासारखे, फिकट जांभळे किंवा पांढरट. शेंगा जोडीने, टणक आणि कंगोऱ्याच्या. उकलल्या की रेशमी म्हातारीसारखे बी उडते. गुळवेलीला मात्र दोऱ्यासारखी मुळे खाली लोंबतात आणि फळे पिकली की लाल, वाटाण्याएवढी होतात. काही जण चव घेऊन वेल ओळखतात. ते कृपा करून करू नका.

रबर वेलीतील विष थेट हृदयावर काम करते, डिजॉक्सिनसारखेच. उलट्या होतात, नाडी मंद किंवा अनियमित होते. ही वेल खाऊन जनावरे दगावतात. चीक कातडीला लागला तर आग होते, फोड येतात. डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. चुकून पोटात गेल्यास घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नये. रुग्णाला तडक दवाखान्यात न्यावे, वेलीचा तुकडाही पिशवीत घालून सोबत न्यावा.

त्या गृहस्थांनी पिशवी माझ्याकडेच ठेवली, साबणाने हात धुतले. दारातून मागे वळून म्हणाले, "थोडी शेजारच्या काकूंनाही दिलीय." मी त्यांना तसेच काकूंकडे पिटाळले.