टी-पेशींचा खो-खो

सर्दीचा विषाणू आठवड्याभरात गाशा गुंडाळतो. पण काही विषाणू शरीरात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतात. कर्करोगाच्या पेशीही तशाच चिवट. मग इतके दिवस त्यांच्याशी लढतं तरी कोण?

टी-पेशी! रक्तातल्या पांढऱ्या पेशींचाच हा एक प्रकार. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे त्यांची तालीम होते. त्यांचे दोन मोठे गट आहेत. मारक टी-पेशी आजारी पेशीला जाऊन चिकटते, तिच्या आवरणाला भोकं पाडते आणि आत अशी प्रथिनं सोडते, की ती पेशी आपली आपणच मरते. मदतनीस टी-पेशी रसायनं सोडून इतर पेशींना निरोप देतात. या मदतीला कमी समजू नका हं! एचआयव्ही हा विषाणू नेमका मदतनीस पेशींनाच गाठतो. त्या संपत गेल्या, की एरवी किरकोळ असलेले जंतूही माणसाला भारी पडतात.

आता गंमत ऐका. लढाई लांबली की मारक पेशी थकतात. अगदी खरंखुरं थकणं! त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचं प्रथिन वाढतं. समोरच्या पेशीवरचं जोडीदार प्रथिन त्याला जुळलं, की मारक पेशी ढिली पडते. यात आपला फायदाही आहे. मारा असाच जोरात चालू राहिला, तर आपलंच यकृत, आपलीच फुप्फुसं जखमी होतील. पण कर्करोगाच्या पुष्कळ पेशींवरही ते जोडीदार प्रथिन असतं, आणि त्यामुळे त्या बचावतात.

पीडी-१ सापडलं १९९२ मध्ये, जपानच्या क्योतो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत. पुढे २००६ मध्ये हैदराबादला जन्मलेले, अमेरिकेत काम करणारे रफी अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिवट विषाणूची लागण झालेल्या उंदरांमध्ये ही जोडी जुळूच दिली नाही. मारक पेशी पुन्हा कामाला लागल्या आणि विषाणू घटला! आज याच तत्त्वावरची औषधं कर्करोगाच्या रुग्णांना देतात. होंजो यांना २०१८ चं नोबेल पारितोषिक मिळालं, जेम्स अॅलिसन यांच्यासोबत.

पण मग त्या थकलेल्या पेशी ताज्यातवान्या झाल्या का? २०१६ मध्ये वेगळंच उत्तर मिळालं. प्लीहेसारख्या अवयवांत मारक पेशींचा एक राखीव गट असतो. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघातले बाकीचे गडी कसे पाटीवर बसून असतात? तसाच हा गट दम राखून असतो. औषध मिळालं, की खो मिळाल्यासारख्या याच पेशी उठतात. भराभर दुप्पट-चौपट होतात. काही लढायला निघतात, काही पुढच्या खेपेसाठी मागे राहतात.

आणि मदतनीस? त्यांनी सोडलेलं आयएल-२१ हे रसायन लांबलेल्या लढाईत मारक पेशींना टिकवून धरतं, हे २००९ मध्ये उंदरांमध्येच दिसलं होतं.

आता तर डॉक्टर टी-पेशींनाच औषध बनवतात. रुग्णाच्या रक्तातून त्या काढायच्या, कर्करोगाची पेशी ओळखता येईल असा बदल प्रयोगशाळेत करायचा आणि परत शरीरात सोडायच्या. याला म्हणतात कार-टी उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल रुग्णालय यांनी मिळून घडवलेल्या अशा उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात रक्ताच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांना २०१० मध्येच असा उपचार दिला होता. दहा वर्षांनंतरही त्यांच्या रक्तात त्या पेशी सापडल्या. कोणत्या होत्या, सांगा बरं? बहुतेक सगळ्या मदतनीस! आणि त्या नुसते निरोप देत नव्हत्या. कर्करोगाच्या पेशी मारायचं कामही त्यांना जमत होतं.